ताडोब्याच्या वेशीवरील छावणी

शाळेची सहल निघावयाची म्हटलें म्हणजे प्रथम ठिकाण ठरतें, मग गाडी ठरते, मग वर्गणी ठरते, आणि सर्वांत शेवटीं कोण कोण येणार तें ठरतें. हा क्रम इतका रूढ झाला आहे कीं, त्यांत कांहीं विपरीत आहे असें कोणास वाटत नाहीं. यंदां आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनीं ताडोबा येथें तीन रात्रींची छावणी व्हावी अशी मागणी केली आहे. ती मागणी आम्हांस मनापासून पसंत आहे. परंतु छावणीची आखणी वरील क्रमानें झाली तर ती फसेल असें आमचें मत आहे, आणि तें विद्यार्थी व पालक या दोघांपुढेंही मोकळेपणानें मांडावें एवढ्यासाठीं हा लेख. आमचें म्हणणें असें कीं, आखणीस आरंभ वाघापासून न होतां वर्गाच्या हजेरीपटापासून व्हावा.

ताडोब्याविषयीं आपल्या नागपुराकडील माणसास निराळें सांगावयास नको. तरी चार गोष्टी येथें नमूद करून ठेवितों. महाराष्ट्रांतील हें सर्वांत जुनें राष्ट्रीय उद्यान. सन १९३५ सालीं येथें शिकारीस बंदी झाली. सन १९५५ सालीं सुमारें ११६ चौरस किलोमीटर रान राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्यांत आलें. सन १९८६ सालीं त्यास लागून अंधारी अभयारण्य झालें, आणि सन १९९५ सालीं दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. या गाभ्याचें क्षेत्र सुमारें ६२५ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या भोंवतीं सन २०१० सालीं जाहीर झालेला बफर पट्टा त्याहूनही मोठा असून त्यांत गांवें, शेतें, गुरें, तळीं आणि रान हीं सर्व एकमेकांत मिसळलेलीं आहेत. उद्यानाचें नांव ज्या देवावरून पडलें तो ताडोबा ऊर्फ तारू हा एका गांवचा प्रमुख होता, व वाघाशीं झालेल्या झुंजींत त्याचा अंत झाला, अशी तेथील आदिवासी लोकांची कथा आहे. तळ्याच्या कांठीं मोठ्या वृक्षाखालीं त्याचें ठाणें आहे आणि पौष महिन्यांतील त्याची यात्रा जुनी आहे. ज्या रानानें वाघाचें नव्हे, तर वाघाशीं झुंजतां झुंजतां पडलेल्या मनुष्याचें नांव धारण केलें आहे, त्या रानांत आपण केवळ वाघाचें नांव घेत शिरावें, हें आम्हांस जरा चमत्कारिक वाटतें.

आतां हिशेबाकडे वळूं. छावणीसाठीं आजपर्यंत ४२ विद्यार्थ्यांनीं नांवें दिलीं आहेत. त्यांजबरोबर दोन शिक्षक व दोन शिक्षिका धरल्यास ४६ माणसें झालीं. उद्यानांत जाण्यासाठीं जी उघडी जिप्सी मिळते तींत वाटाड्या व चालक यांखेरीज सहा माणसें बसतात. म्हणजे एका फेरीस आठ गाड्या लागल्या. विद्यार्थ्यांनीं कोठून तरी एका प्रवासी कंपनीचें पत्रक मिळवून आणिलें आहे, त्यांत 'तीन सफारी' असें मोठ्या अक्षरांत छापलें आहे. तीन फेऱ्यांस चोवीस गाड्या. एका गाडीचें भाडें, प्रवेशशुल्क व वाटाड्याचा मेहनताना मिळून होणारा खर्च हजारांच्या घरांत जातो. त्यावर तंबूचें भाडें, कंपनीचा नफा, आणि 'शेकोटीभोंवतीं संगीत' या नांवाखालीं मांडलेली एक गमतीची रक्कम. हें सर्व ४६ नीं भागून जो आंकडा निघतो तो आम्हीं मुद्दामच येथें छापीत नाहीं. कारण तो वाचून या अंकाचे निम्मे वाचक पुढें वाचणार नाहींत.

आणि खरा प्रश्न येथेंच आहे. ज्या मुलाच्या घरीं एवढी रक्कम निघणें शक्य नाहीं तो वर्गांत उभा राहून 'आमच्याकडे पैसे नाहींत' असें म्हणत नाहीं. तो म्हणतो, 'मला जंगल आवडत नाहीं.' एखादी मुलगी म्हणते, 'त्याच दिवसांत आमच्याकडे लग्न आहे.' आम्हीं इतक्या वर्षांत अशीं पुष्कळ लग्नें ऐकिलीं आहेत. सहल परत आल्यावर पंधरा दिवस वर्गांत जी चर्चा चालते, जे विनोद होतात, जीं टोपणनांवें पडतात, त्यांत या मुलांस शिरकाव नसतो. शाळेनें वर्षभर एका बांकावर बसविलेल्या मुलांत चार दिवसांच्या सहलीनें भिंत घालावी, याहून महाग सौदा दुसरा कोणता असणार?

या बाबतींत शंभराहून अधिक वर्षांपूर्वींचें एक उदाहरण आमच्या डोळ्यांपुढें आहे. बालवीर चळवळीचे प्रवर्तक बेडन-पॉवेल यांनीं इंग्लंडांत पूल बंदरांतील ब्राउनसी बेटावर सन १९०७ च्या ऑगस्टांत पहिली प्रायोगिक छावणी भरविली. मुलें सुमारें वीस. त्यांत ईटन, हॅरो अशा श्रीमंत शाळांतील मुलें होतीं, तशींच पूल व बोर्नमथ या गांवांतील कामकऱ्यांचीं मुलेंही होतीं. हें मिश्रण बेडन-पॉवेल यांनीं जाणूनबुजून केलें होतें. वर्गणी सर्वांस सारखी नव्हती. श्रीमंत शाळांतील मुलांस एक पौंड, व इतरांस साडेतीन शिलिंग. त्या काळचा पौंड वीस शिलिंगांचा, म्हणजे एका मुलानें दुसऱ्याच्या जवळजवळ सहापट दिलें. परंतु तंबू एक, अन्न एक, पहाटेचें शिंग एक. मुलांचीं चार पथकें पाडलीं तीं बैल, लांडगा, कुरल पक्षी आणि डोमकावळा अशा नांवांचीं. ऐपतीप्रमाणें पाडलीं नाहींत. ही गोष्ट ज्यांस जुनीपुराणी वाटेल त्यांनीं आपल्या शाळेंतील सहलीच्या वर्गण्यांचे तक्ते एकवार पाहावेत.

तेव्हां आमची पहिली सूचना अशी कीं, वर्गणी ऐपतीप्रमाणें घ्यावी, आणि ती बंद पाकिटांतून घ्यावी. कोणीं किती दिलें हें मुख्याध्यापकांखेरीज कोणासही कळूं नये. एकूण जी रक्कम जमेल ती पाहूनच कार्यक्रम ठरवावा. जिप्सींतून एक फेरी सर्वांस घडेल इतका पैसा जमला तर एक फेरी व्हावी. न जमला तर एकही होऊं नये. 'ज्यांस परवडेल त्यांनीं जावें, बाकीच्यांनीं तंबूंत खेळावें' ही तडजोड मात्र आम्हांस कदापि मान्य नाहीं. असें करण्यापेक्षां छावणीच रद्द केलेली बरी.

यावर विद्यार्थिमित्र म्हणतील, 'ताडोब्यास जावयाचें आणि वाघ पाहावयाचा नाहीं, म्हणजे पंढरीस जाऊन विठोबाचें दर्शन न घेण्यासारखेंच झालें!' उपमा चांगली आहे. पण ती पुरती लावून पाहावी. आषाढींत ज्या वारकऱ्यास गर्दीमुळें गाभाऱ्यापर्यंत पोंचतां येत नाहीं, तो चंद्रभागेंत स्नान करितो, कळसास हात जोडतो आणि वारी घडली असें समजून आनंदानें घरीं येतो. वारी त्याची चालण्यांत झालेली असते. उलट, देवास घेराव घालून दर्शन घेण्याची रीत कशी असते याचा नमुना आपल्या नागपुराजवळच सन २०२४ च्या ३१ डिसेंबर रोजीं पाहावयास मिळाला. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यांत एक वाघीण व तिचे पांच बछडे यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनीं दोहों बाजूंनीं अडविली. त्याचीं चित्रें सर्वत्र पसरलीं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्याची आपण होऊन दखल घेतली. त्या गाड्यांतील माणसें कांहीं दुष्ट नव्हतीं. त्यांनीं पैसे भरले होते, वाघ पाहण्यासाठीं भरले होते, आणि वाघ पुढें उभा होता. वाघासाठींच गेलेला मनुष्य शेवटीं असाच वागावयाचा. आमच्या मुलांनीं त्या गाड्यांच्या रांगेंतील नववी गाडी व्हावें असें आम्हांस वाटत नाहीं.

वाघ वगळला तर मग उरलें काय, असें विचारणाऱ्यांसाठीं थोडें विस्तारानें लिहितों. कारण छावणीचें खरें धन येथें आहे. बफरमधील गांवाच्या धुळीच्या वाटेवर सकाळीं साडेसातच्या सुमारास, वनरक्षक बरोबर असतां, अर्धा किलोमीटर चालून पाहावें. रात्रभर त्या वाटेनें कोण कोण गेलें याचें टिपण धुळींत लिहिलेलें असतें. चितळाचा खूर निराळा, रानडुकराचा निराळा, अस्वलाचा पंजा तर एखाद्या माणसाच्या पावलासारखा. वाघाच्या पंजांत नखें उमटत नाहींत, कुत्र्याच्या व तरसाच्या पंजांत उमटतात, एवढें कळलें कीं मुलगा आपोआप खालीं मान घालून चालूं लागतो, आणि तास दोन तास कोणाशीं भांडत नाहीं. तीच गोष्ट आवाजांची. वानर झाडावरून खेंकसतें, चितळ शीळ घातल्यासारखें ओरडतें, भेकर कुत्र्यासारखें भुंकतें, आणि सांबर एकदांच पण खणखणीत आवाज देतें. जाणकार लोक चितळाच्या ओरडण्यावर तितका भरंवसा ठेवीत नाहींत, पण सांबरानें हांक दिली कीं चहाचा पेला खालीं ठेवितात. वाघ न दिसतां वाघ कोठें चालला आहे हें कानांनीं ओळखणें, यांत जी बुद्धि लागते ती गाडींत बसून छायाचित्र घेण्यास लागत नाहीं.

झाडें तर उभीं राहून वाटच पाहत असतात. साग, ऐन, बिजा, धावडा, हळदू, तेंदू, मोह, बेहडा आणि मैलोगणती बांबू. कांडोळाचें झाड थंडीच्या दिवसांत पानें गाळून पांढरेंफटक उभें असतें. चांदण्यांत तें पाहून त्यास भुताचें झाड कां म्हणतात तें सांगावें लागत नाहीं. माघाच्या रात्रीं, गांवाचे दिवे विझल्यावर, मृग व व्याध डोक्यावर येतात, पश्चिमेकडे कृत्तिका व रोहिणी. शहरांतील मुलांनीं हीं नांवें पुस्तकांतच वाचलेलीं असतात. आणि रातव्याचा तो एकसुरी आवाज! वनखात्यांत आयुष्य घालविलेले आपले मारुती चितमपल्ली, जे सन २०२५ सालीं निवर्तले, त्यांनीं एका पुस्तकाचें नांवच 'रातवा' ठेविलें. तें पुस्तक ग्रंथालयांत आहे. छावणीपूर्वीं प्रत्येक पथकानें त्यांचें एक तरी पुस्तक वाचून काढावें. तयारीचा यापेक्षां स्वस्त प्रकार आम्हांस ठाऊक नाहीं.

दिवस कोणते धरावेत याविषयीं फारसा वाद नसावा. पावसाळ्यांत, जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्र बंद असतें. उन्हाळ्यांत चंद्रपुराकडे पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. वाघ पाणवठ्यावर हमखास दिसतो तो याच दिवसांत, हें खरें, पण तंबूंत मुलें भाजून काढण्याचें तें कारण होऊं शकत नाहीं. नाताळाची सुटी सोयीची, परंतु ती सर्वांसच सोयीची असल्यामुळें त्या वेळीं तेथें जत्रा लोटते. म्हणून जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीचा आरंभ घ्यावा, आणि सोमवार ते गुरुवार असे दिवस धरावेत. उद्यान मंगळवारीं बंद असतें, हें कळल्यावर विद्यार्थ्यांनीं तोंडें वाईट केलीं. आम्हांस तर तोच दिवस सर्वांत मोलाचा वाटतो. वाटाडे व चालक त्या दिवशीं मोकळे असतात. त्यांतील दोघां-तिघांस योग्य तो मेहनताना देऊन छावणींत बोलवावें, आणि मुलांनीं त्यांस प्रश्न विचारावेत. हे बहुतेक तेथल्याच गांवांतील तरुण असतात, आणि त्यांचे वाडवडील ज्या रानांत मोह वेंचीत त्याच रानाची माहिती ते आज परदेशी पाहुण्यांस देतात.

जागेविषयीं मात्र काळजीनें बोललें पाहिजे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दींत पायीं हिंडण्यास व वाटेल तेथें तंबू ठोकण्यास मोकळीक नाहीं, आणि ती नसावी हेंच योग्य. छावणी बाहेरच पडावयाची. मोहर्ली येथें सरकारी निवासस्थान आहे, तेथें सोयी बऱ्या. पण उपाहारगृहें व गाड्या यांची गर्दीही तेथेंच. आमचा कल पांगडी, झरी अशा एखाद्या लहान गांवाकडे आहे. तेथील शाळेचें आवार, ग्रामपंचायत व वनखातें यांची लेखी परवानगी घेऊन, चार दिवसांसाठीं मागावें. जागा पाहतांना तीन गोष्टी आधीं पाहाव्यात: भोंवतालचें कुंपण, पिण्याचें पाणी आणि शौचालय. शेवटची गोष्ट लिहितांना संकोच वाटण्याचें कारण नाहीं. ज्या छावणींत मुलींसाठीं स्वच्छ, बंद व उजेड असलेली सोय नाहीं, तेथें मुलींचे पालक मुलींस पाठवीत नाहींत, आणि ते अगदीं बरोबर करितात. मग आपण म्हणतों, 'मुलींस आवडच नाहीं.' हेंही एक प्रकारचें लग्नच!

पालकवर्गाच्या मनांतील भय आम्ही थट्टेवारी नेत नाहीं. तें भय खरें आहे. सन २०२१ च्या नोव्हेंबरांत ताडोब्यांतच वाघांच्या गणनेच्या कामावर असलेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यांत मरण पावली. सन २०२५ च्या मे महिन्यांत सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं बळी गेल्या. आपण तेथें चार दिवस हौसेनें जाणार. त्या गांवचीं माणसें बारा महिने तेथें राहतात, हें मुलांस कळलें पाहिजे, आणि म्हणूनच गांवकरी जे नियम सांगतील ते शाळेच्या नियमांच्या वर मानले पाहिजेत. सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंत कुंपणाबाहेर कोणींही पाऊल टाकूं नये. दिवसाही एकट्यानें जाऊं नये, व रानाच्या कडेस वांकून किंवा उकिडवें बसूं नये. वांकलेला मनुष्य वाघास माणूस म्हणून ओळखूं येत नाहीं असें जाणकार सांगतात. रात्रीं एक शिक्षक आळीपाळीनें जागा असावा, आणि गांवांतील एक माहितगार पहारेकरी पगारी ठेवावा.

वाघापेक्षां सापाची तजवीज अधिक करावी लागेल. थंडींत साप फारसे बाहेर पडत नाहींत, तरी भूमीवर अंथरूण घालून निजणें टाळावें. मण्यार रात्रींची हिंडते, आणि तिच्या दंशानें पुष्कळदां सूज येत नाहीं कीं वेदना होत नाहीं. त्यामुळें निजलेल्यास कळतही नाहीं. मच्छरदाणी गादीखालीं नीट खोंचली तर डांस व साप दोहोंपासून बचाव होतो. सर्पविषावरील लस कोणत्या रुग्णालयांत आहे, तेथें पोंचावयास किती वेळ लागतो, आणि त्या वेळीं गाडी कोणती, या तीन प्रश्नांचीं उत्तरें निघण्यापूर्वीं लिहून ठेवावींत. दंशाची जागा कापणें, चोखणें, करकचून बांधणें, हे सर्व प्रकार वर्ज्य. हातपाय न हालवितां थेट रुग्णालय.

आणि खरें सांगावयाचें तर सर्वांत मोठें भय रानांत नसून रस्त्यावर आहे. रात्रींचा प्रवास मुळींच करूं नये. राज्य परिवहनाची बस शाळांच्या सहलींस निम्म्या भाड्यांत मिळते, तीच घ्यावी. वाटेंत लागणाऱ्या कोणत्याही तळ्यांत किंवा धरणांत पोहण्यास उतरूं नये. सन २०१६ च्या १ फेब्रुवारीस मुरुडच्या समुद्रकिनारीं सहलीस गेलेले १४ विद्यार्थी बुडाले, ही गोष्ट महाराष्ट्र विसरलेला नाहीं. ताडोब्याच्या तळ्यांत तर मगरी आहेत. पण मगर नसलेलें तळेंही पोहतां न येणाऱ्या मुलास सोडीत नाहीं.

आतां विद्यार्थ्यांकडे वळतों. मुलांनीं मागणी करावी, शिक्षकांनीं सोय करावी आणि पालकांनीं पैसे द्यावेत, अशी कामाची वांटणी चालावयाची नाहीं. सात-सात जणांचीं सहा पथकें पाडावींत. पाणी, शिधा, स्वयंपाक, औषधें, स्वच्छता आणि हिशेब अशीं सहा खातीं वांटून द्यावींत, आणि आखणी त्यांनींच करून आणावी. पाण्याचें खातें घ्या. माणशीं रोज चार लिटर पिण्याचें पाणी धरलें तर ४६ माणसांस १८४ लिटर. तें कोठून आणावयाचें, कशांत सांठवावयाचें, उकळावयाचें कीं गाळावयाचें, आणि त्यास किती इंधन लागेल? गणिताच्या तासास जांभया देणारीं मुलें या प्रश्नावर दोन दिवस हिरिरीनें भांडतील, अशी आमची खात्री आहे. शिध्याच्या पथकानें ज्वारी, तांदूळ, डाळ, बेसन यांचा अंदाज घरीं आईस विचारून करावा. पुस्तकांत पाहूं नये. स्वयंपाकाच्या पथकांत मुलगे निम्मे तरी असावेत. पहिल्या दिवशींची भाकर जळेल. ती खावी.

सरपणासाठीं रानांतील एक काटकीही तोडूं नये. तेथील गांवकऱ्यांनीं लांकूडफाट्यासाठीं रानांत जाऊं नये म्हणून सन २०१५ पासून सरकार जन-वन योजनेंतून त्यांस गॅसचीं सिलिंडरें देत आहे. आणि शहरांतील पाहुण्यांनीं मात्र शेकोट्या पेटवून गाणीं म्हणावींत, हें शोभत नाहीं. मोबाईल गाभा क्षेत्रांत नेण्यास बंदी आहे. आमचें मत तो विद्यार्थ्यांनीं घरींच ठेवावा असें आहे. शिक्षकांजवळ दोन असले म्हणजे पुरे. संध्याकाळीं एक फोन शाळेंत यावा, व शाळेनें तो निरोप सर्व घरीं कळवावा. आईबापांस मुलाचा आवाज ऐकूं न आल्यानें पहिली रात्र जड जाईल हें आम्ही जाणतों.

गांवाशीं वागण्याची एक गोष्ट राहिली. शाळेच्या सहली खेड्यांत गेल्या कीं वह्या, बिस्किटें व जुने कपडे वांटण्याची चाल आहे. ती येथें नको. आपण त्या गांवचे पाहुणे आहों, उपकारकर्ते नव्हे. दूध, भाजी, पत्रावळी, राखणदारी जें लागेल तें गांवांतूनच घ्यावें आणि त्याचे रोख पैसे द्यावेत. या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बोटेझरी, नवेगांव, जामणी हीं गांवें व्याघ्रप्रकल्पासाठीं गाभ्यांतून उठून बाहेर येऊन वसलीं. आपण ज्या शांत रानाची स्तुति करितों त्या शांततेंत त्यांच्या विस्तवाचा, देवांचा व शेतांचा वांटा गेला आहे. त्या गांवचा एखादा वृद्ध भेटल्यास मुलांनीं त्याजजवळ बसून ऐकावें. तो काय सांगेल तें आम्ही आधींच ठरवूं शकत नाहीं. कदाचित् नव्या गांवीं दवाखाना जवळ आला म्हणून तो समाधानीही असेल.

दिवाळीच्या सुटीपूर्वीं दोन शिक्षक, एक शिक्षिका व प्रत्येक पथकाचा एक प्रतिनिधि यांनीं जागा पाहून यावी, असें आम्हीं मुख्याध्यापकांस सुचविलें आहे. पालकांची सभा त्यानंतर भरेल. सभेस येतांना प्रत्येकानें आपल्या शंका लिहून आणाव्यात, आणि जें देणें सुखानें जमेल तें पाकिटांत घालून आणावें. रिकामें पाकीटही चालेल, मात्र तें चिकटविलेलें असावें. आणि त्या दिवसांत कोणाकडे खरोखरच लग्न असेल तर तीही तारीख कळवावी. छावणी आठवडाभर पुढें ढकलतां येईल.